तारल्यांचं साटंलोटं

सांदेरी बंदरात तारल्या पोर बघितल्याशिवाय कुणाच्या पोटात जात नाहीत.

गणपती होऊन गेले आणि समुद्राचा गढूळपणा खाली बसला की बघण्याचे कार्यक्रम सुरू होतात. मिसरूड फुटायच्या वयापासून लग्नाच्या वयापर्यंतचं पोर ज्या घरात असेल, त्या घराने मच्छीमार सोसायटीत जाऊन नाव सांगायचं. सोसायटीचा सेक्रेटरी यशवंत दोरकर दिवस ठरवून देतो. त्या दिवशी ओटीवर एक खुर्ची मांडायची, खुर्चीवर परात ठेवायची आणि परातीत खाडीचं पाणी भरायचं. एका घराने आळसापोटी नळाचं पाणी भरलं होतं, ते स्थळ मोडलं. भरती लागली की घरच्यांनी आत जाऊन दार लावून घ्यायचं. बाहेरचा पाण्याचा आवाज थांबला की उघडायचं. तोवर परातीत पाहुण्या आलेल्या असतात. त्या कशा येतात ते कोणी बघत नाही. बघू नये अशी पद्धत आहे.

पूर्वी हे असं काही नव्हतं. जाळ्यात आली ती तारली, आणि तव्यावर पडली ती तारली. पण मधल्या काळात गावातली पोरं बिघडली. कोणी धक्क्यावर बसून पापणी न हलवता पाण्याकडे बघत राही, कोणी भर वर्गात शेजारच्याला चावे. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पोरांशी बोलत जा म्हणून सांगितलं, आणि म्हणाल्या, डोक्याला आतून तेल लागतं, ते तारलीत भरपूर असतं, तारली खायला घाला. लोकांनी घातली. पण ती लागेना. मग हळूहळू समजलं की तारलीच्या मनात नसेल तर तिचं तेल गळ्याच्या वर चढत नाही. बाईंनाही ते पटलं. तेव्हापासून त्या चिठ्ठीवर ‘संमतीची तारली, आठवड्यातून दोनदा’ असं लिहून देतात.

धाकू नाटेकराच्या घरी परात मांडायची वेळ आली ती त्याच्या नातवापायी, सर्वेशपायी. धाकू एके काळचा तांडेल, बोटीवरचा प्रमुख. आता गुडघ्यांनी बोट सोडायला लावली होती, म्हणून ओटीवर बसून जाळी सांधायचा. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते सावकाश. चहा बशीत ओतून प्यायचा, आणि प्यायच्या आधी फुंकर घालायचा. चहा गार झालेला असला तरी घालायचा.

“अहो, गार पाणी झालंय त्याचं, कुणाला फुंकताय?” सून दर्शना म्हणायची.

“असू दे,” धाकू म्हणायचा.

मुलगा दिलीप दूर गुजरातकडच्या बोटीवर होता. घरात ही तिघंच. सर्वेश अकरावीत गेला आणि काही दिवसांनी जाईनासा झाला. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. हाक मारली तर ओ द्यायचा, पण ती ओ शेजारच्या खोलीतून आल्यासारखी यायची, आणि शेजारच्या खोलीत तर कोणी नसायचं. एकदा त्याने भाताचं भरलेलं पातेलं विहिरीत टाकलं. एकदा मित्राच्या पाठीत वल्हं घातलं, आणि मित्र ओरडत असताना त्याच्याकडे असा बघत राहिला की जणू तो कुठल्या भाषेत ओरडतोय ते समजून घेतोय. मित्राची आई भांडायला आली. सर्वेशने सगळं ऐकून घेतलं आणि तिला विचारलं, “तुम्हाला हे आतून वाटतं का?” ती बाई भांडण टाकून निघून गेली. नंतर तिने धाकूला बाजारात गाठून सांगितलं, “काका, पोराला दाखवून घ्या. मला भीती वाटली हो त्याची. माझ्या मांडीवर खेळलेला तो.”

बघण्याच्या दिवशी दर्शनाने त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. दार उघडलं तेव्हा परातीत एक मोठी तारली होती आणि तिच्या मागे चार-सहा लहान. मोठीची पाठ काळसर निळी, आणि एक डोळा दुधाळलेला. त्या तोंड उघडून बोलत नाहीत. पोहून आल्यावर कानात पाणी राहतं आणि आपलाच आवाज आतून ऐकू येतो, तसं त्यांचं बोलणं ऐकू येतं.

“कितवीत?” मोठीने विचारलं.

“अकरावी. जात नाही,” सर्वेश म्हणाला.

“राग येतो?”

“येतो. मग जातो. मग काहीच येत नाही.”

“आम्हाला खाशील?”

“इच्छा नाही. तुम्हालाच असं नाही, काहीच खायची नाही.”

दाराआड दर्शनाने कपाळावर हात मारून घेतला, तो बाहेर ऐकू आला.

“पोरगं सरळ आहे हो,” धाकू म्हणाला. “खोटं बोलत नाही एवढंच.”

“ते दिसलं,” तारली म्हणाली.

मग चहा. पाहुण्यांचा चहा बशीत ओतून बशी परातीत तिरपी करायची असते. धाकूने बशी भरली, सवयीने फुंकर घातली आणि मग कलती केली. परातीतलं पाणी एकदम स्थिर झालं. सगळ्या तारल्या त्याच्याकडे बघत होत्या.

“हे काय केलंत?” मोठीने विचारलं.

“फुंकर घातली.”

“चहा तर गार आहे.”

“असू दे,” धाकू म्हणाला. “चुकून गरम असला तर भाजायला नको कुणाला.”

तारल्यांनी एकमेकींकडे बघितलं. दोन बाजूंना डोळे असणाऱ्यांनी एकमेकींकडे बघायचं म्हणजे सबंध वळावं लागतं. त्या सबंध वळल्या.

निरोप घेऊन दोरकर आला तो पायरीवरच चपला काढत घुटमळला. “मुलगा पसंत आहे,” तो म्हणाला.

“मग तोंड असं का केलंयस?” धाकूने विचारलं.

“साटंलोटं मागतायत, काका.”

साटंलोटं म्हणजे काय ते धाकूला सांगायची गरज नव्हती. त्याचं स्वतःचं लग्न तसंच झालं होतं. बायको ज्या घरातून आली, त्याच घरात त्याची बहीण गेली. एक लेक घ्यायची, एक द्यायची. तारल्यांनी मात्र आजवर कुणाकडे असं मागितलं नव्हतं.

“त्यांच्यातली एक आपल्यात येते,” दोरकर म्हणाला, “आपल्यातलं एक त्यांच्यात जायचं. असं म्हणणं आहे.”

“म्हणजे समुद्रात?” दर्शना पुढे आली.

“मग कुठे, वहिनी?”

“आणि परत कधी?”

“लेक दिल्यावर परत मागतात का?”

“आग लागो तुमच्या सोसायटीला,” दर्शना म्हणाली. “दुसरं स्थळ बघा. बांगडे नाहीत का?”

“बांगडे अजून बघायला जात नाहीत, वहिनी. मी विचारून आलोय.”

दर्शनाने दिलीपला फोन लावला. मी येईपर्यंत थांबवा, तो म्हणाला. पण तो येईपर्यंत तारल्या खोल पाण्यात गेलेल्या असणार, हे त्यालाही माहीत होतं. आतल्या खोलीत सर्वेश भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्या दिवसांत तो श्वास घ्यायचाही विसरू लागला होता. मध्येच थांबायचा, आणि दर्शनाने खांदा हलवला की पुन्हा घ्यायचा.

धाकूने बोलणी स्वतः करायचं ठरवलं. पुढच्या उधाणाला त्याने परात मांडली. या वेळी मोठी तारली एकटीच आली होती. उन्हं ओटीवर आली होती आणि परातीच्या कडा चमकत होत्या.

“बसा, व्याही,” तारली म्हणाली. घर धाकूचं होतं, तरी तो बसला.

“रागावू नका,” ती म्हणाली. “आमच्यातही पोरं आहेत.”

“त्यांना काय झालंय?”

“थवा वळला की ती वळत नाहीत. सरळ जातात. काही तळाच्या वाळूत तोंड घालून पडून राहतात. काही बोटीच्या पंख्यात जातात. पंखा दिसत असताना जातात, व्याही.”

मग त्याने विचारलं, “पूर्वी असं नव्हतं?”

“पूर्वी तुमच्याकडून माणूस यायचा. एखाद्या वर्षी वादळात, एखाद्या वर्षी दोरात पाय अडकून. आता तुमच्या बोटी मोठ्या झाल्या, वाऱ्याची बातमी आधी कळते. चांगलं झालं, आम्ही वाईट मानत नाही. पण आमची ही पोरं माणसावाचून वाढली.”

“माणसात असं काय असतं?”

“जे आमच्यात असतं तेच. आम्ही ते पाण्यातल्या शेवाळातून घेतो, तुम्ही आमच्यातून घेता. पण तुमच्यात ते मुरतं. तुमच्या हसण्यारडण्यात मुरतं. तसं मुरलेलं आम्हाला कुठे मिळणार?”

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. धाकूने बशीत चहा ओतला आणि फुंकर घालायला तोंडाजवळ नेला.

“सखाराम नाटेकर तुमचे कोण?” तारलीने विचारलं.

धाकूने बशी खाली ठेवली. “थोरला भाऊ,” तो म्हणाला.

सखाराम समुद्रात गेला तेव्हा धाकूला धड जाळं टाकता येत नव्हतं. बापाने त्यानंतर घरात ते नाव घेऊ दिलं नाही, आणि बाप गेल्यावर घ्यायची कुणाला सवय राहिली नाही. सुनेला तर असा कोणी होता हेही माहीत नव्हतं.

“त्यांच्यामुळे आमच्या कितीतरी पिढ्या शांत राहिल्या,” तारली म्हणाली. “अजून आठवण काढतात. लहान पिल्लं झोपत नसली तर त्यांचं नाव सांगतात.”

धाकू हळू आवाजात म्हणाला, “त्याला थंडी फार वाजायची. लहानपणापासून. माझं पांघरूण ओढून घ्यायचा.”

“नाही वाजली,” तारली म्हणाली.

धाकूने मान हलवली. पंच्याने तोंड पुसलं. “मी चालेन का?” त्याने विचारलं.

“बघावं लागेल,” तारली म्हणाली. “पद्धत आहे.”

धाकूला बघायला आल्या त्या दिवशी दर्शनाने खुर्ची मांडायला नकार दिला. ती सर्वेशने मांडली. खाडीचं पाणीही त्यानेच आणलं, न सांडता. परातीत इतक्या दाटीने तारल्या आल्या होत्या की पाणी दिसत नव्हतं, नुसते डोळे दिसत होते. धाकू धुतलेला सदरा घालून स्टुलावर बसला.

“वय?”

“शाळेत घातलं नाही, त्यामुळे कुणी लिहून ठेवलेलं नाही. सत्तरीच्या आसपास धरा.”

“पोहता येतं?”

“तांडेलाला विचारता?”

“पोहता येत असेल तर वेळ लागतो, म्हणून विचारलं.”

“हातपाय नाही मारणार,” धाकू म्हणाला. “शब्द देतो.”

“राग?”

“बायकोवर यायचा. ती गेल्यावर कुणावर यायचा?”

“झोप?”

“पडलो की लागते.”

“खाणं?”

“तुम्हीच,” धाकू म्हणाला. “तिखलं करून, भाजून, पावसाळ्यात सुकवून. जन्मभर.”

परातीतून एक लाट फिरली. त्या हसल्या की काय ते समजलं नाही.

“म्हणजे घरचंच आहे,” मोठी तारली म्हणाली.

“अंगावर मांस नाही काही,” मागून एक बारीक आवाज आला.

“मांस कुणाला हवंय?” मोठी म्हणाली.

होकार आला. दोरकरने ओहोटी बघून दिवस धरला. लेक भरतीला आणतात आणि ओहोटीला पाठवतात, असं सोसायटीने तेव्हाच ठरवून टाकलं, कारण आधीचा कुठला दाखला नव्हता.

आदल्या दिवशी धाकू ओटीवर अर्धवट राहिलेलं जाळं पुरं करत होता. सर्वेश येऊन शेजारी बसला. तो आपणहून येऊन बसला असं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

“आजोबा, जाऊ नका,” तो म्हणाला.

“का रे?”

“असंच.”

“वाईट वाटतंय का तुला?”

सर्वेशने स्वतःच्या आत शोधलं. खिशात हात घालून सुटे पैसे चाचपावेत तसं. “नाही,” तो म्हणाला. “वाटायला पाहिजे ते कळतंय. पण वाटत नाही.”

“तेवढ्यासाठीच जातोय,” धाकू म्हणाला.

“आणि नंतर वाटलं तर?”

धाकूने गाठ मारली, दात लावून दोरा तोडला. “तर बरं झालं म्हणायचं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर सोसायटीची माणसं जमली. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. दर्शना सकाळपासून भांडी आपटत होती. निघताना मात्र तिने सासऱ्याच्या तळहातावर दही घातलं.

“मामंजी,” ती म्हणाली. “पाणी गार असेल हो.”

“असू दे,” धाकू म्हणाला.

त्याने टोपी काढून दोरकरच्या हातात दिली. चपला पायरीवर जोडीने ठेवल्या. पाणी आधी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. सासरी जाणाऱ्या पोरीसारखं त्याने मागे वळून बघितलं नाही. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा तो थोडा थांबला. खाली वाकून पाण्यावर त्याने हळूच फुंकर घातली. मग तो चालत राहिला, आणि थोड्या वेळाने तिथे नुसतं पाणी होतं.

लोक उभेच होते. खाडीच्या तोंडाशी पाणी काळं दिसत होतं, तेवढी तारली आली होती. मग सगळा थवा एकदम वळला. पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चांदीसारखं पांढरं झालं आणि पुन्हा काळं झालं. दोरकर डोळ्यांवर हात धरून बघत होता.

“एकही सरळ गेली नाही,” तो म्हणाला.

त्याच दिवशी दोरकरच्या जाळ्यात थोड्या तारल्या वेगळ्या, एका बाजूला, शिस्तीत पडलेल्या मिळाल्या. दर्शनाने तिरफळं घालून तिखलं केलं. सर्वेश भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने ताट घेतलं आणि जेवला. आठवड्यातून दोनदा, असं चाललं. आधी त्याचा श्वास नीट झाला. मग ओ त्याच्याच तोंडातून येऊ लागली. मग तो मित्राकडे जाऊन त्याची पाठ बघून आला.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी तो ओटीवर आजोबांचं जाळं घेऊन बसला होता. शेवटच्या गाठीपाशी त्याची बोटं थांबली. दर्शना बाहेर आली तर त्याचे खांदे हलत होते. क्षणभर तिला वाटलं श्वास अडकला, आणि ती धावली.

“काय झालं रे?”

“वाईट वाटलं,” सर्वेश म्हणाला.

ती त्याच्या शेजारी बसली. तो रडत होता आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. रस्त्याने जाणारा दोरकर कुंपणाशी थांबला.

“लागली,” तो म्हणाला, आणि पुढे गेला.

पुढच्या वर्षी गणपती झाले, समुद्र निवळला, आणि सर्वेशसाठी पुन्हा परात मांडावी लागली. बघणं दरवर्षी असतं. तो कॉलेजला जायला लागला होता, रात्री झोपत होता, आईशी भांडतही होता. दार उघडलं तेव्हा परातीत दुधाळ डोळ्याची मोठी तारली नव्हती. दुसऱ्याच होत्या, बहुतेक कोवळ्या. त्या नीट रांगेत उभ्या होत्या आणि एकदम वळत होत्या.

“झोप लागते का रे?” पुढच्या तारलीने विचारलं. ती फार सावकाश बोलत होती.

“लागते,” सर्वेश म्हणाला.

“जेवतोस?”

“जेवतो.”

“आईला त्रास देत नाहीस ना?”

“देतो थोडा,” सर्वेश म्हणाला. दाराआड दर्शना हसली.

चहा त्यानेच आणला. बशीत ओतला, बशी परातीत तिरपी केली. बाकीच्या तारल्या लगेच पुढे झाल्या. ही पुढची मात्र थांबली. तिच्या तोंडातून बारीक बारीक बुडबुडे निघाले आणि चहा मिसळलेल्या पाण्यावर जाऊन फुटले. मग ती प्यायली.

सर्वेश बशी हातात धरून उभा होता. आतून दर्शना बघत होती. अशा वेळी घरच्यांनी काय बोलायचं याची काही पद्धत ठरलेली नव्हती.

दोन दिवसांनी होकार आला. जाळ्यातून आलेल्या तारल्या दर्शनाने धुतल्या, खवले काढले, तिरफळं घालून तिखलं केलं. ताट वाढून ती समोर बसली.

“ती पुढची कुठली गो यातली?” सर्वेशने विचारलं.

“मला काय माहीत,” ती म्हणाली. “सगळ्या सारख्याच दिसतात.”

तो बराच वेळ ताटाकडे बघत बसला. तिने जेव म्हणून सांगितलं नाही. चुलीवरचं दुसरं भांडं उतरवून झालं, मांजराला दूध घालून झालं, तरी तो तसाच बसला होता. ताटातलं तिखलं गार झालं.

मग सर्वेशने घास उचलला, त्याच्यावर फुंकर घातली, आणि खाल्ला.